नवरदेवाचं भाषण आणि टोस्ट: कागदापासून माइकपर्यंत

नवरदेवाने माइक हातात घेतला की कुणी विनोदी कार्यक्रमाची वाट बघत नसतं. आलेल्यांचे आभार मानायचे, बायकोबद्दल मनापासून बोलायचं आणि शेवटी कुणाच्या तरी नावाने ग्लास उंचवायचा, म्हणजेच टोस्ट करायचा, एवढंच त्याचं काम. टर उडवणं हे मित्रांचं खातं, ते त्यांच्याकडेच राहू द्या.

आधी लांबी ठरवा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. चार मिनिटं पुरेशी आहेत, पण टाळ्या, हशा आणि तुमचा दाटून आलेला गळा यांत अर्धं-पाऊण मिनिट जातंच. म्हणून लिहायचे ३५० ते ४०० शब्द, त्याहून जास्त नको. आदल्या रात्री लिहायला बसलात तर हमखास पाल्हाळ होतो, कारण कापायला वेळच उरत नाही. तीन आठवडे आधी कच्चा मसुदा तयार हवा.

क्रम साधा ठेवा: पाहुण्यांचं स्वागत, दोन्हीकडच्या आईवडिलांचे आभार, राबलेल्या माणसांचे आभार, मग बायको, शेवटी टोस्ट. आभारांतच बहुतेक भाषणं फसतात. वीस नावं घेतली तर एकविसावा माणूस दुखावतो आणि बाकीचे कंटाळतात. नावानिशी पाच-सहा जण घ्या, उरलेल्यांना कामावरून एकत्र घ्या: 'पहाटेपासून ज्यांनी खुर्च्या लावल्या ते सगळे.' सासू-सासऱ्यांचा उल्लेख घाईत उरकू नका. त्या खोलीतले अर्धे लोक तेच ऐकायला बसलेले असतात. जवळचं कुणी हयात नसेल तर एक वाक्य, एक श्वास आणि पुढे. ते वाक्य आभारांच्या भागात असू द्या. टोस्टच्या तोंडावर आलं तर खोली गंभीर होते आणि ग्लास उंचावताना सगळेच अवघडतात.

बायकोबद्दलचा भाग सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि तो घ्यावाच. 'ती खूप प्रेमळ, समजूतदार आहे' हे कुणाच्याही बायकोबद्दल म्हणता येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं काही: 'माझी मुलाखत फसली त्या दिवशी मी कुणाचाच फोन घेत नव्हतो. हिने फोन केलाच नाही. फक्त मेसेज आला, जेवलास का?' एवढ्यावर थांबा. 'यातून तिचा समजूतदारपणा दिसतो' हे जोडलंत की गंमत गेली. असा एकच प्रसंग निवडा, तो आजीलाही कळला पाहिजे आणि बायकोला अवघडल्यासारखं होता कामा नये. शंका असेल तर तेवढा भाग तिला आधी विचारून घ्या. जुनी प्रेमप्रकरणं, घरातले वाद, लग्नाचा खर्च आणि फक्त चौघांना कळणारे किस्से सरळ काढून टाका.

आता कागद. मोबाइलवरून वाचू नका: स्क्रीन मध्येच बंद होते, वरून कुणाचा तरी मेसेज टपकतो, आणि फोटोत नवरदेव चॅट करताना दिसतो. तळहाताच्या आकाराची, जाड कागदाची कार्डं घ्या. पातळ कागद हाताबरोबर थरथरतो आणि माइक ती फडफड पकडतो. मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला लिहा आणि कार्डांना क्रमांक द्या, कारण ती खाली पडतात. पहिलं वाक्य, नावं आणि टोस्टचं वाक्य पूर्ण लिहा, बाकीचे नुसते मुद्दे. एक जादा संच मित्राच्या खिशात.

सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून पाच-सहा वेळा करा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं. जिथे जीभ अडखळते ते वाक्य तोडा, पाठ करत बसू नका. प्रत्यक्षात धडधडीमुळे वेग वाढतोच, म्हणून कार्डावर थांबायच्या जागी तिरकी रेघ मारून ठेवा.

माइक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली धरा. जाळीवर मूठ आवळली किंवा माइक स्पीकरकडे वळला की कर्कश शिट्टी वाजते. बायकोकडे वळून बोलताना मान वळते आणि माइक तिथेच राहतो, आवाज गायब. हात मानेबरोबर फिरला पाहिजे. एका हातात माइक, दुसऱ्यात कार्डं, त्यामुळे ग्लास टेबलावर, हाताशी. दारू घ्यायचीच असेल तर भाषणानंतर. तोवर साधं पाणी, फार गार नको.

टोस्टआधी सगळ्यांचे ग्लास भरलेले आहेत ना, हे वाढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. ग्लासात काय आहे याला महत्त्व नाही, सरबतही चालतं. मग क्रमाने: कार्डं खाली, ग्लास हातात, 'उभे राहूया', आणि खुर्च्यांचा आवाज थांबेपर्यंत गप्प. इथे घाई केली की शेवटचं वाक्य त्या गोंगाटात बुडतं. ते वाक्य लोकांना एका दमात परत म्हणता येईल इतकं छोटं हवं: 'दोन्हीकडच्या आईवडिलांसाठी!' ज्याच्या नावाने टोस्ट, त्याने स्वतः प्यायचं नाही असा जुना संकेत आहे. म्हणून 'आम्हा दोघांसाठी' म्हणू नका, बायको, आईवडील किंवा पाहुणे यांच्या नावाने उंचवा. एक घोट घ्या, माइक पुढच्या वक्त्याकडे द्या आणि बसा. कुणाचं नाव राहिलं असं आठवलं तर पुन्हा माइक मागू नका, त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन भेटा.