माणूस गेल्यावर लिहायला बसताना

दुःख हलकं करायला लिहायचं असेल, तर तेराव्यापर्यंत वही उघडूच नका. घर माणसांनी भरलेलं असतं, झोप धड झालेली नसते. एखादी आठवण निसटेल असं वाटलंच तर मोबाइलवर एक ओळ टिपून ठेवा. नेटाने लिहायचं ते महिना-दोन महिन्यांनी, पाहुणे पांगल्यावर.

पद्धत साधी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तिच्या मुळाशी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, हात न थांबवता. शंभर पानी वही, साधं बॉलपेन आणि मोबाइलचा गजर, एवढं सामान पुरतं. शुद्धलेखन बघू नका. सुचेनासं झालं तर शेवटची ओळच पुन्हा लिहा. वेळ संध्याकाळची बरी. लिहून झाल्यावर तासभर मन जड राहतं, त्यामुळे अगदी झोपायच्या आधी लिहिलं तर रात्र जागून जाते.

सगळ्यात जास्त घोळ होतो भाषेत. पेन हातात घेतलं की श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरची वाक्यं उतरतात: आधारवड कोसळला, पोकळी निर्माण झाली. ती खोडायच्या भानगडीत पडू नका, फक्त खाली एक वस्तू लिहा. ‘गोळ्यांच्या डबीत गुरुवारपासूनचे खण भरलेलेच आहेत.’ इथून पुढे बुधवार आपोआप येतो. नावामागे ‘कै.’ लावू नका. पत्रासारखं लिहायचं असेल तर हयातीत जशी हाक मारत होता तशीच मारा. बाबांना ‘अहो’ म्हणत असाल तर ‘अहो’च. राग असेल तर तोही त्याच हाकेने लिहा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा नियम या वहीला लागू नाही.

तिसऱ्या दिवशी मागची पानं चाळा. ‘दवाखान्यात आधी न्यायला हवं होतं’ हेच तिन्ही दिवस आलं असेल, तर ते नुसतं उगाळणं झालं. चौथ्या दिवशी तोच प्रसंग गेलेल्या माणसाच्या तोंडून लिहून पाहा, किंवा प्रत्येक वाक्यात ‘कारण’ आणा. पेनबेकर यांना असं दिसलं होतं की दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘आता लक्षात येतंय’ अशा शब्दांची भर पडत गेली, त्यांना फायदा अधिक झाला. अर्थात सगळ्यांनाच होतो असं नाही. काहींना बोलूनच मोकळं वाटतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एखादा प्रसंग लिहिताना हातपाय गार पडले, श्वास लागला, तर विषय तिथेच सोडा आणि दुसरं काही लिहा. जगू नये असं वाटू लागलं तर वही बाजूला ठेवून १४४१६ला फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

वही कुणाला दाखवायची नाही हे आधीच ठरवा. घरातलं कुणी वाचेल अशी धास्ती असली की माणूस त्यांच्यासाठी लिहू लागतो. वही लपवायला जागा नसेल तर सुट्या कागदावर लिहा आणि पाचव्या दिवशी फाडून टाका.