थायरॉइड मंदावल्यावर आयोडीन, अश्वगंधा, धण्याचं पाणी: आधी काय तपासावं, मग काय घ्यावं

रिपोर्ट हातात पडला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘थायरॉइड वाढलाय.’ बहुतेक वेळा वाढलेला असतो तो टीएसएच. हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम कमी करू लागली की पिट्युटरी तिला आणखी जोरानं हाका मारते आणि आकडा चढतो. म्हणजे टीएसएच वाढलाय याचा अर्थ ग्रंथी मंदावली आहे. हे कळलं नाही की पुढचे सगळे उपाय उलट्या दिशेनं सुरू होतात.

माझ्या आईच्या ओट्यावर त्या महिन्यात दोन नव्या बरण्या आल्या. मावशीनं सैंधव आणलं, कारण तिनं कुठेतरी ऐकलं होतं की आयोडीनच्या मिठामुळेच थायरॉइड होतो. परदेशातल्या एका नातेवाइकानं समुद्री शेवाळाच्या गोळ्या पाठवल्या, कारण त्यांच्या मते आयोडीन कमी पडल्यामुळे होतो. दोघांनीही मायेनंच केलं होतं. पण आईचा आजार नेमका कोणता, हे तोवर कोणीच तपासलं नव्हतं.

पायरी १: कारण शोधा

टीएसएचबरोबर फ्री टी४ (थायरॉइड ग्रंथी स्वतः बनवते ते संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्ध शरीरानंच बनवलेली प्रतिपिंडं) या दोन तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या किमान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडे खोटे येऊ शकतात.

अँटी-टीपीओ बरंच जास्त आलं तर शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करत असण्याची शक्यता मोठी. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकानं १९१२ मध्ये हा आजार प्रथम वर्णिला, म्हणून त्याला हाशिमोतो म्हणतात. जिथे लोकांना आयोडीन पुरेसं मिळतं, तिथे ग्रंथी मंदावण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे. त्याशिवाय ग्रंथीवरची शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीनचे उपचार, मानसिक आजारावरचं लिथियम किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडेरोन अशी औषधं हीही कारणं असतात. ग्रंथीच काढून टाकलेली असेल तर कोणतीही वनस्पती तिच्या जागी संप्रेरक तयार करू शकत नाही.

टीएसएच थोडाच वाढलेला आहे, दहाच्या आत, आणि टी४ ठीक आहे, असं असेल तर घाबरू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर अनेकांचा आकडा आपोआप खाली येतो. ‘अमुक काढ्यानं माझा थायरॉइड गेला’ अशा अनुभवांमागे पुष्कळदा हेच असतं. गरोदर बाईनं मात्र अशी वाट पाहू नये.

पायरी २: मीठ बदलू नका

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात सुमारे २५०. आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पोचेपर्यंत दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन उरलं पाहिजे, असा नियम आहे. दिवसाचं पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा मीठ धरलं तर निम्मी गरज तिथेच भागते. बाकीचं दूध, दही, अंडी आणि समुद्री मासळीतून मिळतं. कोकणात रोज बांगडा-कोळंबी खाणाऱ्याला मिठाची जेवढी गरज, त्याहून ती विदर्भातल्या शाकाहारी घराला जास्त.

हे मीठ आलं कुठून, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या जमिनीतलं आयोडीन पावसानं आणि पुरांनी वाहून जातं, त्यामुळे तिथे गावंच्या गावं गलगंडानं ग्रासलेली असत. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मिठात आयोडीन घातलं की गलगंड घटतो. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गलगंड तर डोळ्यांना दिसतो. आईच्या पोटात आयोडीन न मिळालेल्या बाळाच्या मेंदूचं नुकसान दिसत नाही आणि भरूनही येत नाही. म्हणून सैंधव किंवा साधं खडे मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात आणायला माझा ठाम विरोध आहे. दोन्हींत आयोडीन नगण्य असतं. उपवासापुरतं सैंधव वापरलं तर काही बिघडत नाही.

मिठाची बरणी झाकणाची, कोरडी आणि शेगडीपासून लांब ठेवा. मीठ शक्यतो शिजवण्याच्या शेवटी घाला. आणि जास्त आयोडीन मिळावं म्हणून मीठ वाढवू नका, रक्तदाब वाढेल.

पायरी ३: आयोडीनचे थेंब आणि शेवाळाच्या गोळ्या बाजूला ठेवा

थायरॉइडचं संप्रेरक आयोडीनपासून बनतं, हे खरं. टी४ मध्ये आयोडीनचे चार अणू असतात, टी३ मध्ये तीन. पण चुलीत लाकडं कोंबली की जाळ वाढतोच असं नाही. एकदम खूप आयोडीन आलं की ग्रंथी संप्रेरक बनवणंच थांबवते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत यातून सावरते. हाशिमोतोनं पोखरलेली ग्रंथी पुष्कळदा सावरत नाही आणि आणखी मंदावते. ग्रंथीत गाठी असतील तर उलटही घडतं, संप्रेरक भसाभस वाढतं आणि छातीत धडधड सुरू होते.

अमेरिकेतली मोठ्या माणसासाठीची वरची मर्यादा दिवसाला ११०० मायक्रोग्रॅम आहे. शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीन इतकं कमी-जास्त असतं की काही गोळ्या ही मर्यादा सहज ओलांडतात. आईचं अँटी-टीपीओ बरंच वाढलेलं निघालं. ती बाटली आम्ही त्याच दिवशी बंद केली आणि सैंधव उपवासाच्या डब्यात गेलं.

पायरी ४: वनस्पतींना त्यांच्या पुराव्याएवढंच स्थान द्या

अश्वगंधेबद्दल थोडा पुरावा आहे. टीएसएच किंचित वाढलेल्या ५० जणांवर आठ आठवड्यांचा एक भारतीय अभ्यास झाला. रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क घेणाऱ्यांचे आकडे सुधारले. पण माणसं थोडी, काळ थोडा, आणि गोळी लागण्याइतका आजार असलेले त्यात नव्हते. शिवाय अश्वगंधेनं संप्रेरक गरजेपेक्षा वाढल्याची आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. गरोदरपणात ती घेऊच नये. थायरॉइडची गोळी चालू असताना घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर लगेच बंद करा.

कांचनार गुग्गुळ आयुर्वेदात गलगंडासाठी आणि गाठींसाठी देतात. गुग्गुळाचा परिणाम दिसला आहे तो मुख्यतः उंदरांवर. तो घ्यायचा तर शिकलेल्या वैद्यांकडून, चालू गोळीची चिठ्ठी त्यांना दाखवून. बिनलेबलाची पुडी कोणाच्याही हातून घेऊ नका.

धण्याचं पाणी आवडत असेल तर जरूर प्या. त्यानं थायरॉइड बरा होतो याला आधार नाही, पण अपायही नाही. फक्त ते सकाळच्या गोळीबरोबर नको.

पायरी ५: ताटातली भीती काढून टाका

कोबी, फुलकोबी, मुळा शिजवून नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. रोज ग्लासभर कच्च्या कोबीचा रस मात्र नको. बाजरीतली काही द्रव्यं ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, पण त्याचा त्रास दिसला तो आयोडीनही तुटपुंजं आणि जेवणही जवळजवळ बाजरीवरच, अशा भागांत. संक्रांतीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी सोडायचं काही कारण नाही. सोयाबीन गोळीच्या शोषणात आडवं येतं, म्हणून ते गोळीपासून काही तास लांब ठेवा. सेलेनियमच्या गोळ्या मनानं घेऊ नका. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, आणि केस गळतात म्हणूनच तर बहुतेकजणी त्या घ्यायला लागतात.

पायरी ६: गोळी लागणार असेल तर ती नीट घ्या

‘केमिकल नको, नैसर्गिक हवं’ असं म्हणणाऱ्यांना मी एक जुनी गोष्ट सांगते. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरानं ग्रंथी निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती बाई पुढे २८ वर्षं जगली. आजच्या लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीत तेच टी४ असतं जे आपली ग्रंथी बनवते, फक्त मोजून-मापून. कमी पडलेली वस्तू परत देण्याइतका सरळ उपाय वैद्यकात क्वचितच सापडतो.

पहाटे किंवा सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्या आणि चहासाठी किमान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबा. आपल्याकडे डोस ‘लागू पडत नाही’ त्याचं कारण पुष्कळदा हा चहाच असतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच. तिची बाटली ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात नको, उष्णता आणि दमटपणानं ती कमजोर होते. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करा. त्याआधी आकडा स्थिरावत नाही. बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका. शरीरातलं टी४ निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे गोळी सुटल्याचा फटका उशिरा कळतो.

गोळी चालू असताना दिवस राहिल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी डोस बहुधा पाव ते एक तृतीयांशानं वाढवावा लागतो. आणि घरातलं म्हातारं माणूस गोळ्या सुटल्यानंतर गार पडू लागलं, झोपेतून धड उठेना, श्वास संथ झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.