कोड न येणाऱ्या संस्थापकाने तांत्रिक भागीदार कसा मिळवावा

चांगल्या प्रोग्रामरकडे ‘आयडिया माझी, ॲप तू बनव’ म्हणणारे बरेच जण येतात. त्यामुळे भेटण्याआधी पुरावा तयार ठेवा. व्हॉट्सॲप, गूगल फॉर्म आणि शीट वापरून सेवा हाताने चालवा आणि किमान दहा ग्राहकांकडून पैसे घ्या. कोणतं काम हाताने उरकत नाही, हे त्यातूनच कळतं. प्रोग्रामरला रस असतो तो त्यातच.

शोध ओळखीतून सुरू करा: जुने सहकारी, कॉलेजचे मित्र, पुण्या-मुंबईतल्या डेव्हलपर मीटअप. पहिल्याच भेटीत गुप्ततेच्या करारावर सही मागू नका, माणूस तिथेच दुरावतो.

होकार आला तरी आधी चार ते सहा आठवडे एक छोटं काम मिळून करा. मतभेद झाल्यावर समोरचा कसा वागतो, हे यातच दिसतं.

हिस्सा देताना हात आखडू नका. पाच-दहा टक्क्यांत नोकर मिळेल, भागीदार नाही. निम्म्याच्या जवळपास द्या, पण शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतील आणि पहिल्या वर्षाआत सोडल्यास काहीच मिळणार नाही, अशी अट दोघांनाही लावा.

कोडची मालकी लेखी घ्याच. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हस्तांतरण लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ते 5 वर्षांपुरतं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ असं स्पष्ट लिहा.