पद नाही, पगार नाही, तरी लोकांना बरोबर कसं घ्यायचं

ऑफिसमधे साहेब म्हणाले उद्या पाहिजे की उद्या मिळतं, मनातल्या मनात कितीही शिव्या घातल्या तरी मिळतं. पण व्हॉलंटियर लोकांचा ग्रुप असेल, पालकांचा गट असेल, ओपन सोर्स प्रोजेक्ट असेल (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि लोक मिळून बनवतात असं सॉफ्टवेअर), तिथे हे चालत नाही. कोणाचा पगार तुमच्या हातात नाही, प्रमोशन नाही, सुट्टी मंजूर करणं नाही. आणि पटलं नाही तर माणूस भांडतपण नाही बरं का, आधी रिप्लाय कमी होतात मग मिटिंगला दिसत नाही मग कधीतरी लक्षात येतं की अरे हा गेला वाटतं. तर ज्यांच्या गळ्यात कोणीतरी "आता तूच बघ हे सगळं" म्हणून काम टाकलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी थोडी थिअरी, लगेच संपवतो. 1959 साली जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या दोन सायकॉलॉजिस्टनी सांगितलं की एक माणूस दुसऱ्याचं ऐकतो त्यामागे 5 कारणं असतात. शिक्षेची भीती, बक्षिसाची आशा, समोरच्याचं पद, समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं हा विश्वास, आणि पाचवं म्हणजे तो माणूसच आपल्याला आपला वाटतो. नंतर रेव्हननी यात माहिती हे सहावं घातलं. आता बघा, पहिली तीन खुर्चीबरोबर येतात आणि खुर्चीबरोबर जातात. कम्युनिटीत ती जवळपास नसतातच. फार तर अॅडमिनचं बटण असतं, आणि ते दोनदा वापरलं की लोक तुमच्याशी जपून बोलायला लागतात. म्हणजे उरलेल्यांवरच सगळं चालवायचं असतं आणि ती कोणी नेमून देत नाही, हळूहळू जमतात.

माझ्या मते या सगळ्यात पाळायची गोष्ट एकच आहे, समोरच्याला तुम्हाला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि नाही म्हटल्यावर त्याचं काही बिघडलं नाही पाहिजे. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

सुरुवात कुठून करायची

भाषण देऊन नाही, व्हिजन सांगून तर अजिबात नाही. जे काम कोणालाच नको असतं ते उचला. बहुतेक ठिकाणी ते काम म्हणजे मिटिंगमधे काय ठरलं ते लिहिणं. कंटाळवाणं आहे, पण पंधरा जण तासभर बोलून उठले की पंधरा जणांच्या डोक्यात पंधरा निर्णय असतात, आणि त्याच रात्री कोणीतरी पाच ओळीत "हे ठरलं, हे या माणसाने करायचं, हे अजून ठरलं नाही" असं टाकलं की पुढचं सगळं त्या पाच ओळींवरून चालतं. लिहिणाऱ्याचं वजन आपोआप वाढतं. म्हणूनच इथे एकदम प्रामाणिक राहायचं, तुम्हाला न पटलेला मुद्दापण जसा मांडला गेला तसाच लिहायचा. एकदा जरी कोणाला वाटलं ना की हा आपल्या सोयीचं लिहितो, की संपलं.

दुसरं म्हणजे लोक आत्ता कोणाला विचारतात ते बघा. प्रत्येक गटात एखादी व्यक्ती असते जिच्याकडे कुठलंच पद नसतं पण काही अडलं की सगळे तिलाच फोन करतात. नवीन कल्पना थेट सगळ्यांसमोर टाकायच्या आधी अशा दोन तीन जणांच्या कानावर घाला, आणि पाठिंबा मागू नका, "यात काय चुकतंय असं वाटतं?" एवढंच विचारा. निम्म्या कल्पना तिथेच सुधारतात. फक्त एक पथ्य पाळा, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं सांगायचं नाही. ते लोक एकमेकांशी बोलतातच.

काम मागायचं कसं

इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त घोडं इथेच अडतं. ग्रुपवर मेसेज येतो "कोणीतरी यादी करायला घ्या ना प्लीज 🙏" आणि चाळीस जण वाचतात, कोणी करत नाही, मग दोन दिवसांनी पाठवणाराच चिडून स्वतः करतो आणि वर म्हणतो लोकांना पडलेलीच नाही. लोकांना पडलेली असते हो. 1968 मधे जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी एक प्रयोग केला होता, इंटरकॉमवर बोलता बोलता पलीकडच्या माणसाला झटका आल्याचं ऐकू येतं. ऐकणाऱ्याला वाटत असेल की आपण एकटेच ऐकतोय तर झटका चालू असतानाच 85 टक्के लोक मदत बोलवायला गेले, आणि आणखी चौघे ऐकतायत असं वाटत असेल तर फक्त 31 टक्के. कोणाचा जीव धोक्यात आहे असं वाटतानाही हे, मग यादीचं काय घेऊन बसलात.

तर एकाच माणसाला, वेगळा मेसेज करून मागायचं. साधारण असं:

"गेल्या कार्यक्रमाला तू जी यादी केली होतीस ना त्यात कोणाला कळवून झालं याचा वेगळा कॉलम होता, त्यामुळे एकही माणूस राहिला नाही. या वेळी पण यादी तू बघशील का? दोन एक तासांचं काम आहे, शुक्रवारी रात्रीपर्यंत लागेल. जमणार नसेल तर बिनधास्त सांग, मी दुसऱ्या कोणाला तरी विचारतो."

यात काय काय आहे बघा. तुलाच का विचारतोय ते आहे, आणि ते "तू खूप छान काम करतोस" असं गुळगुळीत नाही, कॉलमपर्यंत जाऊन सांगितलंय, म्हणजे त्याला कळतं की याने खरंच बघितलं होतं. किती वेळ जाईल ते आहे. कधीपर्यंत ते आहे. आणि शेवटी सुटायला वाट आहे. ती वाट खरी असली पाहिजे हां. समोरचा नाही म्हणाला आणि तुम्ही "ठीके 🙂" टाकून आठवडाभर फुगून बसलात तर तो परत कधी खरं सांगणार नाही, हो म्हणेल आणि शुक्रवारी रात्री फोन उचलणार नाही. त्यापेक्षा आत्ताचं नाही कितीतरी बरं. नाही म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी छोटं काहीतरी मागा, अर्ध्या तासाचं, बरेच लोक तेव्हा येतात.

वेळेचा अंदाज खोटा सांगू नका. दोन तासांचं काम अर्ध्या तासाचं म्हणून गळी उतरवता येतं, पण एकदाच.

आणि क्रेडिट. काम झाल्यावर सगळ्यांसमोर कोणी काय केलं ते सांगायचं, "टीमने मस्त काम केलं" हे म्हणजे कोणालाच काही न देणं.

निर्णय कसे घ्यायचे

लगेच मतदान घेऊ नका. सोपं वाटतं, पण अकरा विरुद्ध नऊ झालं की नऊ जण हरून घरी जातात, आणि काम तर वीस जणांनी करायचं असतं. इंटरनेटची तांत्रिक स्टँडर्ड्स बनवणारी आयईटीएफ नावाची संस्था आहे, तिथे वर्किंग ग्रुपमधे मतदानाने निर्णय घेत नाहीत. इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक असलेले डेव्हिड क्लार्क यांनी 1992 मधे तिथे सांगितलं होतं की आम्हाला राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदान नको, आमचा विश्वास साधारण सहमतीवर आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या कोडवर. तिथे मिटिंगमधे लोकांचा कल बघायला चक्क गुणगुणायला सांगतात, म्हणजे या बाजूचे आता हम्म करा, आता त्या बाजूचे करा. ऐकायला गंमत वाटते, पण त्यात डोकी मोजली जात नाहीत हा फायदा आहे.

त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्न कसा विचारायचा. "तुम्हाला काय आवडेल" विचारलं की दहा जणांच्या दहा आवडी निघतात आणि मिटिंग लांबते. त्याऐवजी "हे केलं तर कोणाला चालणारच नाही, आणि का?" असं विचारा. आता फक्त खऱ्या अडचणी वर येतात. एखादा म्हणतो मला रंग आवडला नाही, बरं, नोंद घेतली. दुसरी म्हणते संध्याकाळी सातची वेळ ठेवली तर लहान मुलं असलेलं कोणीच येऊ शकणार नाही, आता हिचं म्हणणं एकटीचं असलं तरी त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. उत्तर द्यायचं म्हणजे मान्यच करायचं असं नाही. नीट ऐकलं, पर्याय बघितले, तरी सातच ठेवावी लागतेय आणि ती का ते सांगितलं, एवढं झालं तरी बहुतेक माणसं कुरकुरत का होईना बरोबर राहतात. माणूस दुखावतो तो बहुतेक वेळा त्याचं ऐकलंच नाही म्हणून.

गप्प बसलेल्यांचा होकार धरून चालू नका. मूग गिळून बसणारे तीन प्रकारचे असतात, पटलेले, कंटाळलेले आणि मनातून गेलेले, आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. ज्यांच्यावर निर्णयाचा खरा बोजा पडणार आहे त्यांना वेगळं विचाराच.

आपल्या नावाचं वजन टाकून निर्णय पुढे रेटता येतो, नाही असं नाही, पण त्याची किंमत मोजावी लागते. पायथन ही प्रोग्रॅमिंग लँग्वेज ज्यांनी बनवली ते गिडो व्हान रॉसम यांना तर तिथले लोक गमतीने तहहयात प्रेमळ हुकूमशहा म्हणायचे. 2018 मधे एका छोट्याशा सिंटॅक्सवरून, म्हणजे कोड लिहायच्या पद्धतीवरून, इतका वाद झाला की प्रस्ताव मंजूर केल्यावर त्यांनीच ते पद सोडलं, एवढं भांडून निर्णय घ्यायची आता इच्छा नाही म्हणाले. वारसही नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. लोकांनी ठरवलं, 2019 पासून निवडून आलेली 5 जणांची कौन्सिल ते काम बघते.

त्रास देणारा माणूस

प्रत्येक ग्रुपमधे एक असतोच. एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना 2009 मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी पाणी, जंगल, मासेमारी अशा सामायिक गोष्टी लोक वर्षानुवर्षं स्वतःच कसं सांभाळतात याचा अभ्यास केला. टिकलेल्या गटांमधे त्यांना दिसलं की नियम वापरणारे लोकच बनवतात किंवा बदलू शकतात, आणि चुकणाऱ्याला पहिली शिक्षा अगदी हलकी असते, मग वाढत जाते. तेच करा. पहिल्यांदा खासगीत बोला, स्वभावावर नको, घडलेल्या गोष्टीवर बोला, "काल ती बोलत असताना तू तीनदा मधेच तोडलंस". दुसऱ्यांदा गटाने ठरवलेला नियम दाखवा. काढून टाकणं अगदी शेवटी, पण वेळ आलीच तर टाळू नका, कारण एकाला सांभाळता सांभाळता चार शांत माणसं निघून जातात.

आमच्यात कोणी लीडर नाही म्हणता?

ही अजून एक गोची. जो फ्रीमन नावाच्या अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेने 1970 च्या सुमारास स्त्रीवादी गटांबद्दल हेच मांडलं होतं की रचना नाही म्हटलं तरी ती असतेच, फक्त लपलेली असते, आणि मग मैत्रीतले चार जण सगळं ठरवतात आणि त्यांना जाब विचारायचीपण सोय नसते. प्रभाव पदापेक्षा चांगला असतो असं मला काही वाटत नाही, उलट न दिसणारा प्रभाव जास्त त्रासदायक. म्हणून लिहून ठेवा, पासवर्ड कोणाकडे, पैशांचा हिशोब कोणाकडे, आणि कधीपर्यंत. कधीपर्यंत हे हमखास राहतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना मदत करायची संघटना 1935 पासून चालू आहे, तिथे पुढारी हे फक्त विश्वासाने नेमलेले सेवक, ते राज्य करत नाहीत असं त्यांच्या तत्त्वांतच लिहिलंय, आणि जबाबदाऱ्या फिरत्या ठेवायची पद्धत आहे.

तुमच्याकडचं काय काय आता दुसऱ्याला सोपवायला पाहिजे हे कळायचा सोपा उपाय म्हणजे आधी सांगून दोन आठवडे बाजूला व्हा आणि काय काय बंद पडतं ते लिहून ठेवा. जे बंद पडलं ते दुसऱ्या कोणाला तरी शिकवायचं, अख्खं द्यायचं, मागून नजर ठेवत बसायचं नाही. नवीन माणूस तुमच्यासारखं करणार नाही, तुमची पाच ओळींची नोंद तो दोन पानं करेल नाहीतर व्हॉइस मेसेज टाकेल. पैसे बुडणार नसतील, कोणाला इजा होणार नसेल तर बोलू नका, आणि सल्ल्याचा मेसेज टाइप करून झालाच असेल तर पाठवायच्या आधी डिलीट करा, त्याने विचारलं तर सांगा.