हिच बॉलवर टेनिसबॉल चढवताय? या चुका टाळा

इथे मिशिगनमध्ये पिकअपच्या मागचा हिच बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा धातूचा गोळा, झाकायला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे जुना टेनिसबॉल. फुलीसारखी चीर द्यायची आणि दाबून बसवायचा. २ इंची बॉलवर तो छान बसतो, पँटला ग्रीस लागत नाही. मीही तेच केलं. नोव्हेंबरमध्ये चढवलेला टेनिसबॉल मार्चमध्ये उपसला, तर आतून तांबूस पाणी ठिबकलं. क्रोमवर गंजाचे फोड होते, नखाने खरवडलं की पापुद्रे निघत होते.

कारण साधं होतं. बॉल ओला आणि चिखलाने माखलेला असतानाच मी तो झाकला होता. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारं पाणी टेनिसबॉलच्या लोकरीत मुरतं आणि लवकर वाळत नाही. मोजा चढवला तर तेच होतं. प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने आवळली तर आत दमट हवा कोंडते, ते त्याहून वाईट. म्हणून आधी बॉल पुसून कोरडा करा, ग्रीसचा पातळ हात द्या, मगच झाका. महिन्यातून एकदा तरी झाकण काढून बघा.

ग्रीस थापायची सवय मात्र सोडा. उघड्या ग्रीसवर वाळू बसते आणि तो लगदा बॉल आणि कपलर (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) दोन्हींना पॉलिशपेपरसारखा घासतो. दर वेळी जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं लावायचं. गंज दिसला म्हणून बॉल रंगवूही नका, रंग पहिल्याच फेरीत सोलून निघतो. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने जातो. खड्डे पडले असतील किंवा एक बाजू चपटी झाली असेल, तर बॉल बदलायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाकण काढायला विसरून किंवा चुकीच्या मापाच्या बॉलवर ट्रेलर जोडणं, ही चूक जिवावर बेतू शकते. १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच ही इथली नेहमीची मापं. २ इंची कपलर १ ७/८ च्या बॉलवर बिनबोभाट बसतो, लॅचही (कपलरची खिटी) लागतो, आणि रस्त्यातल्या एखाद्या खड्ड्यात ट्रेलर उसळून सुटू शकतो. फरक जेमतेम १/८ इंचाचा, नजरेला कळत नाही. माप आणि वजनाची मर्यादा बॉलच्या डोक्यावर कोरलेली असते. ग्रीस पुसा आणि वाचा, अंदाजाने जोडू नका. लॅच लावल्यावर पुढचा जॅक फिरवून ट्रेलरचं टोक थोडं वर उचला. पिकअपची मागची बाजू ट्रेलरबरोबर उचलली गेली, तर कपलर बॉलला धरून आहे. कपलर एकटाच वर आला, तर पुन्हा पहिल्यापासून जोडा. सेफ्टी चेन कपलरखाली फुलीत अडकवा, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर त्याचं टोक रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांवर तोललं जातं.

बॉलखालचा नट हाताने आवळून भागत नाही. टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) बॉलसोबतच्या कागदावर दिलेल्या आकड्याइतका आवळा, स्प्रिंग वॉशर विसरू नका.

ट्रेलर नसेल तेव्हा बॉल माउंट, म्हणजे बॉल बसवलेला दांडा, पिन काढून बाहेरच ओढून ठेवा. हिवाळाभर आत राहिला की तो रिसिव्हरमध्ये (गाडीखालच्या चौकोनी नळीत) गंजून असा धरतो की हातोड्याशिवाय निघत नाही, शिवाय पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागतो. रिकाम्या चौकोनी तोंडाला रबरी बूच लावलं की पुरे.