पोर्टल कुणाच्या बाजूचं? खड्ड्यांवरून ओळखा

फॅमिली ग्रुपवर रोज कुठल्यातरी न्यूज पोर्टलची लिंक येते आणि कळतच नाही हे नक्की कुणाची तळी उचलतंय. मी हल्ली असं करतो:

१. गुगलवर पोर्टलचं नाव आणि ‘पुणे खड्डे’ टाकायचं, टूल्समधून आधी २०१६ मग २०१८ ची तारीख लावायची. २०१७ ला महापालिकेत राष्ट्रवादी जाऊन भाजप आली, खड्डे मात्र तेच (ते कुठे जातायत!), मग कधी ‘सत्ताधारी झोपलेत’ आणि कधी नुसतं ‘पावसामुळे चाळण’ लिहिलंय ते बघायचं.

२. पोर्टलच्या पानाच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा (बातमीबद्दलच्या तक्रारी घेणाऱ्याचा) संपर्क आहे का? २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे द्यावा लागतो. यावरून बाजू कळत नाही, पण नसेल तर जरा जपूनच वाचायचं.

फक्त एकाच बातमीवरून शिक्का मारू नका, आठ-दहा तरी वाचा, आणि अग्रलेख यात धरू नका, तिथे मत असणारच.