मुंबई ते लंडन: तिकिटावरचे तास आणि खरे तास

मी पहिल्यांदा लंडनला निघालो तेव्हा हिवाळा होता. तिकिटावर लिहिलं होतं, निघणार दुपारी २, पोचणार संध्याकाळी ६.३०. साडेचार तासांत पोरगं पोचतंय, म्हणून आई सांगलीत सातपासून फोनजवळ बसून. मी उतरलो तेव्हा तिच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले होते.

तेव्हा घरच्यांना आधी हे समजावून निघा: तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. थेट विमानाला जाताना दहाएक तास लागतात, परतताना साधारण नऊ. वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. येताना ते आपल्याला ढकलतात, जाताना अडवतात.

अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. शाळेतल्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ इराक-सीरियावरून जाते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळची वाट त्याच्या बरीच उत्तरेला, काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधल्या कॉकेशसच्या बाजूने जाते. विमान अगदी त्याच वाटेने जाईल असंही नाही. युक्रेनचं आकाश २०२२ च्या फेब्रुवारीपासून प्रवासी विमानांना बंद झालं, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपल्या हद्दीतून जायला मनाई केली. असा वळसा पडला की तास वाढतात. म्हणून जुन्या मित्राने सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका, आपलं तिकीट बघा.

दुबईमार्गे स्वस्त पडतं. गंमत म्हणजे अंतर जेमतेम दोन-सव्वादोनशे किलोमीटरच वाढतं, दुबई जवळपास वाटेवरच आहे. वेळ खातो तो मधला मुक्काम. दोन तासांपेक्षा कमी वेळ मिळत असेल तर मी ते तिकीट घेत नाही. लहान मूल किंवा आईवडील बरोबर असतील तर तीन तास तरी हवेत. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं रखडल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढे पोचवणं कंपनीच्या गळ्यात पडतं.

बाकी हिशोब दारापासून दारापर्यंत करा. पुण्याहून निघणाऱ्याने मुंबई विमानतळापर्यंत चार तास धरावेत (पावसाळ्यात पाच), तिथे तीन तास आधी पोचायचं, मग विमान, मग लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची रांग. तिथून शहरात यायला एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने अर्धा-पाऊण तास लागतो, पिकॅडिली लाइनच्या मेट्रोने तासभर, पण पिकॅडिली स्वस्त. बॅगा दोनच असतील तर पिकॅडिली. चार असतील तर कोणाला तरी गाडी घेऊन बोलवा, लाजू नका. एकूण वीस तास सहज होतात.

पहिले तीन-चार दिवस पहाटे तीनला टक्क जाग येईल. आईला फोन करायला ती वेळ उत्तम, तिचा सकाळचा चहा तेव्हाच होत असतो.